सहा लाखांत जपान बसवायचंय? आधी तारखा हलवा

प्रश्न : आम्ही सांगलीचे. आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगी १३ वर्षांची आणि मुलगा ९ वर्षांचा. येत्या उन्हाळी सुट्टीत जपानला जायचं ठरतंय. परीक्षा संपल्या की २७ एप्रिलला निघून ६ मेला परत, म्हणजे १ मेची सुट्टीही सत्कारणी लागेल. टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका आणि हिरोशिमा पाहायचंय, मुलीला डिस्नेलँड हवंच आहे. टूर कंपनीने ९ लाख ४० हजार सांगितले, वर कर वेगळे. आमची तयारी सहा लाखांची. स्वतः आखणी केली तर जमेल का? सगळे म्हणतात की रेल्वे पास घ्या, तो घ्यावा का? पैसे कार्डावर न्यावेत की रोख? आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. बरोबर छोटा इलेक्ट्रिक कुकर न्यायचा विचार आहे. — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सहा लाखांत जमेल. पण पत्रातल्या तारखा तशाच ठेवल्यात तर नाही जमणार, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तुम्ही निवडलेले दहा दिवस हे जपानमधले वर्षातल्या सर्वांत महागड्या दिवसांपैकी आहेत. २९ एप्रिल, ३ मे, ४ मे आणि ५ मे या तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्या. त्यांना शनिवार-रविवार जोडून अख्खा जपान घराबाहेर पडतो, आणि या काळाला ते ‘गोल्डन वीक’ म्हणतात. हॉटेलचे दर या दिवसांत दीडपट-दुप्पट होतात, नोझोमी बुलेट ट्रेनमध्ये विनाआरक्षित डबेच नसतात, डिस्नेचं तिकीट सर्वांत वरच्या दराचं असतं आणि क्योटोच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आपल्याकडच्या सुट्टीचा पहिला आठवडा आणि त्यांची ही सुट्टी बरोब्बर एकमेकांवर येते. मराठी कुटुंबांना जपान महाग पडण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि टूरवाले ते आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्याही गाड्या याच तारखांना भरतात.

गोल्डन वीकनंतरचा शनिवार-रविवार गेला की दर धाडकन खाली येतात. दुसरीकडे जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर टोकियो-ओसाका पट्ट्यात त्यांचा पावसाळा सुरू होतो. आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. म्हणजे साधारण १० मे ते ३ जून ही तुमची खिडकी. हवा छान असते, सकाळ-संध्याकाळी पातळ स्वेटर पुरतो. त्यातही मंगळवार-बुधवारी निघून गुरुवार-शुक्रवारी परतता आलं तर उत्तम. १ मेची सुट्टी हातची जाईल, तुम्हा दोघांना एखाददुसरी रजा जास्त टाकावी लागेल. पण नुसत्या हॉटेलात जो फरक पडतो तो पाहता ती रजा फार स्वस्तात पडते. तारखा हलवणं खरंच अशक्य असेल तर आमचा सल्ला असा की या वर्षी जपान सोडा आणि दुसरा देश बघा.

पुढचे सगळे हिशेब १०० येनला ६० रुपये धरून केलेत.

आता विमान. तुम्ही बहुतेक ‘मुंबई-टोकियो-मुंबई’ असं शोधलं असेल. तसं शोधू नका. शोधताना ‘मल्टी-सिटी’ निवडा : जाताना मुंबई ते टोकियो, येताना ओसाका ते मुंबई. एकाच कंपनीच्या एकाच तिकिटावर हे बसतं आणि भाडं बहुधा परतीच्या तिकिटाइतकंच, फार तर दोन-तीन हजारांनी जास्त येतं. पण ओसाकाहून टोकियोला विमान पकडायला परत येण्याचं बुलेट ट्रेनचं भाडं वाचतं, आणि तुमच्या चौघांसाठी ते २९ हजार रुपये आहे. शिवाय अर्धा दिवस वाचतो तो वेगळाच.

मुंबईहून टोकियोला थेट विमान आहे, पण तुमच्या बजेटात सिंगापूर, बँकॉक, क्वालालंपूर, हाँगकाँग किंवा व्हिएतनाममार्गे एक थांबा घेऊन जाणारी विमानं बसतील. माणशी ५५ ते ७५ हजारांत मिळालं तर घेऊन टाका, आणखी उतरेल म्हणून ताटकळत बसू नका. मे महिन्यासाठी साधारण जानेवारीपासून बघायला लागा. ९ वर्षांच्या मुलाला भाड्यात फारशी सूट नसते, त्यामुळे हिशेबात चार पूर्ण तिकिटं धरा.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, दोन स्वस्त कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं जोडून केलेला प्रवास. मुंबई-बँकॉक एकीचं, बँकॉक-टोकियो दुसरीचं. स्क्रीनवर ते आठ-दहा हजारांनी स्वस्त दिसतं, पण बँकॉकला सामान बाहेर घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेश करणं आलं, त्याचे नियम आले, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. त्यावर दोन वेळा सामानाचे पैसे वेगळे. मुलं बरोबर असताना हा जुगार नको. दुसरा खड्डा रात्री उशिरा नारिता विमानतळावर उतरण्याचा. नारिता शहरापासून लांब आहे. रात्री अकराच्या सुमारास गाड्या संपतात आणि टॅक्सीला वीस हजार येनांच्या वर मोजावे लागतात. तिकिटात वाचवलेलं तिथे एका फटक्यात जातं. उतरण्याची वेळ सकाळ ते संध्याकाळ यात बसेल असंच विमान घ्या. सकाळी पोचलात तर आदल्या रात्रीचं हॉटेल घेऊ नका. चेक-इन दुपारी तीनला असलं तरी सामान हॉटेलवाले सकाळीच ठेवून घेतात, त्याचे पैसे लागत नाहीत.

रेल्वे पासबद्दल स्पष्टच सांगतो : तुम्हाला तो नको. ‘जपान रेल पास’ घ्याच, हा सल्ला ऑक्टोबर २०२३ पर्यंत बरोबर होता. तेव्हा सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला मिळे. त्या महिन्यात तो ५०,००० येन झाला. सल्ला मात्र लोकांच्या तोंडी जुनाच राहिला. रेल्वेत ६ ते ११ वर्षांच्या मुलाला अर्धं भाडं, १२ पासून पूर्ण. म्हणजे तुमच्या घरात साडेतीन तिकिटं. साडेतीन पासांचे १,७५,००० येन, अर्थात १ लाख ५ हजार रुपये. आणि तुमचा लांबचा प्रवास किती? ओसाकाहून परतायचं ठरवलंत तर टोकियो ते क्योटो फक्त एकदा. त्याचं नोझोमीचं आरक्षित भाडं १४ हजार येनांच्या थोडं वर आहे. साडेतीन तिकिटांचे सुमारे ४९ हजार येन, म्हणजे २९ ते ३० हजार रुपये. पास न घेता पंचाहत्तर हजार वाचले. कोटेशनमध्ये पास धरलेला असेल तर टूर कंपनीला हाच हिशेब विचारून बघा.

बुलेट ट्रेनची तिकिटं टोकियो-ओसाका मार्गाच्या ‘स्मार्ट-ईएक्स’ या अधिकृत ॲपवर घरबसल्या काढता येतात. लवकर काढल्यास काही गाड्यांवर सूटही असते. मधल्या दलालांच्या संकेतस्थळांवर तेच तिकीट जादा आकार लावून विकतात. घाई नसेल तर सगळ्या स्टेशनांवर थांबणारी ‘कोदामा’ सवलतीच्या तिकिटात माणशी दोनेक हजार येनांनी स्वस्त पडते, पण क्योटोला पोचायला दीड तास जास्त लागतो. आम्ही तरी मुलांना घेऊन तो वेळ घालवणार नाही. क्योटोकडे जाताना उजव्या बाजूची, दोन-दोनच्या रांगेतली ‘ई’ अक्षराची सीट मागा. आकाश स्वच्छ असेल तर पाऊण तासाच्या आसपास फुजी खिडकीतून दिसतो, आणि त्याला वेगळं तिकीट नाही.

बॅगांचंही बघून घ्या. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जाणारी बॅग या गाडीत न्यायची तर मागे बॅग ठेवायला जागा असलेली सीट आरक्षित करावी लागते. या आरक्षणाला जादा पैसे नाहीत, मात्र आरक्षण न करता चढलात तर १,००० येन भरावे लागतात. आपल्या घरातली सर्वांत मोठी बॅग या मापाच्या काठावर येते, घरीच टेपने मोजा. चौघांना मिळून दोन मध्यम बॅगा आणि पाठीवरच्या सॅक पुरतात. हॉटेलांमध्ये नाण्यांवर चालणारी कपडे धुण्याची यंत्रं असतात.

हिरोशिमा मात्र यादीतून काढा. ओसाकाहून जाऊन-येऊन माणशी सुमारे २१ हजार येन होतात. प्रादेशिक पास मिळतो, ‘कान्साई-हिरोशिमा एरिया पास’. २०२३ च्या दरवाढीनंतर तो १७,००० येनांवर होता, आणि इथे तो खरोखर परवडतो. तरीही साडेतीन पासांचे ३६ हजार रुपये होतातच. एका दिवसासाठी सहा लाखांतले छत्तीस हजार जास्त आहेत. त्याऐवजी एक दिवस नारा ठेवा. ओसाकाच्या नांबा भागातून खासगी रेल्वेने सुमारे चाळीस मिनिटं, सातशेच्या आसपास येन, आणि मोकळ्या फिरणाऱ्या हरणांचं उद्यान फुकट.

हॉटेलात चौघं म्हटलं की हिशेब अडतो, कारण तिथल्या साध्या हॉटेलांतल्या खोल्या १२ ते १५ चौरस मीटरच्या असतात. त्यात ‘एक जादा गादी टाका’ हा आपला नेहमीचा तोडगा चालत नाही. दर खोलीवर नसून बऱ्याचदा माणशी असतो. आणि बुकिंगमध्ये मुलं लपवून ऐन वेळी घेऊन गेलात तर काउंटरवर अडवतात. म्हणून शोधताना मुलांची खरी वयं भरा. तुमच्यासाठी दोन पर्याय आहेत. एक, ‘तोयोको इन’सारख्या साखळीत दोन खोल्या. तिथे प्राथमिक शाळेतलं मूल मोठ्या माणसाच्या पलंगावर झोपलं तर त्याचं भाडं लागत नाही. एका खोलीत तुम्ही आणि मुलगी, दुसरीत बाबा आणि मुलगा. पैसे तिघांचे पडतात आणि सकाळची न्याहारी त्यातच असते. दुसरा, चार पलंगांची छोटं स्वयंपाकघर असलेली अपार्टमेंट-हॉटेलं. ती दिसायला महाग वाटतात, पण दोन खोल्यांच्या बेरजेशी ताडून बघा. आणि तुमच्यासारख्या शाकाहारी घराला स्वयंपाकघराची किंमत वेगळीच. दोन्हीकडे रात्रीला २० ते २५ हजार येन हे लक्ष्य ठेवा.

टोकियोत शिंजुकु-शिबुया या गजबजलेल्या भागांचा हट्ट सोडा. पूर्वेकडे उएनो, आसाकुसा किंवा आणखी पलीकडे निशी-कासाईला बघा. निशी-कासाईत भारतीयांची वस्ती आहे, आयटीतली मराठी मंडळीही बरीच. किराण्याची दुकानं आणि भारतीय खानावळी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मेट्रोच्या तोझाई मार्गाने शहराच्या मध्यात पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं, आणि डिस्नेलँडही याच बाजूला आहे. क्योटोचं काय? लोक सांगतात की क्योटो महाग, ओसाकात राहा आणि जाऊन-येऊन करा. हे नेहमीच खरं नाही. ओसाका-क्योटो साध्या जलद गाडीने अर्धा तास आणि ५८० येन. जाऊन-येऊन तुमच्या घराला ४,०६० येन. क्योटोतली खोली ओसाकापेक्षा एवढ्याने महाग असेल तरच ओसाका फायद्याचं. शनिवारी रात्री क्योटो बहुतेक महाग असतंच, मधल्या वारी तसं नसतं. म्हणून शनिवारची रात्र ओसाकात येईल अशी आखणी करा. नाहीतर क्योटो-ओसाकासाठीच्या चारही रात्री ओसाकात काढा आणि बॅगा उचलण्याचा एक दिवस वाचवा, आम्हाला हे जास्त पटतं.

सगळी हॉटेलं विनाशुल्क रद्द करता येतील अशीच आत्ता धरून ठेवा. मग दर दोन आठवड्यांनी त्याच हॉटेलाचा दर बघा. उतरला असेल तर नवीन बुकिंग करा, आणि ते पक्कं झाल्यावरच जुनं रद्द करा. उलट क्रमाने करू नका. मोफत रद्द करण्याची शेवटची तारीख जपानच्या वेळेनुसार असते, आणि जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे.

टूर कंपनीच्या ९ लाख ४० हजारांवर ‘कर वेगळे’ लिहिलंय, ते दोन आहेत. जीएसटी हा खर्चच, गेला तो गेला. टीसीएस हा खर्च नाही. तो तुमच्या नावावर सरकारजमा होणारा आगाऊ आयकर आहे, विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. परदेशी टूर पॅकेजवर तो पहिल्या रुपयापासून लागतो. दर २०२३ पासून अनेकदा बदललाय, म्हणून बिलावर कोणता लावला ते विचारा. मात्र विमानाचं तिकीट एकाकडून आणि हॉटेल दुसऱ्याकडून असं सुटं घेतलं तर ते पॅकेज ठरत नाही. पॅकेजच घ्यायचं झालं तर बिल अशा माणसाच्या पॅनवर करा ज्याला खरोखर कर भरावा लागतो. आजी-आजोबांच्या पॅनवर केलंत तर तेवढ्यासाठी त्यांचं विवरणपत्र भरत बसावं लागेल. पगारदार माणसाला हा टीसीएस आपण नोकरी करतो त्या कंपनीला कळवून पगारातल्या टीडीएसमध्ये धरून घेता येतो, ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. पॅकेज वाईटच असं नाही. बरोबर सत्तरीतले आई-वडील असते तर आम्ही तुम्हाला तिकडेच वळवलं असतं. जपानमध्ये चालणं आणि जिने फार. पण मराठी-इंग्रजी वाचणाऱ्या, फोनवर नकाशा वापरणाऱ्या चौघांना तिथे वाटाड्याची गरज पडत नाही. स्टेशनांवर इंग्रजी पाट्या आणि मार्गांना अक्षरं-आकडे असतात.

पैशांचा प्रश्न तुम्ही ‘कार्ड की रोख’ असा विचारलात, पण कोणतं कार्ड हे जास्त महत्त्वाचं. साधं क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा जादा आकार, लावते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. तीन लाखांच्या खर्चावर हे १०,५०० अधिक १,८९०, म्हणजे १२,३९० रुपये. शून्य मार्कअपची कार्डं आता मिळतात. त्यातलं एक क्रेडिट किंवा डेबिट कार्ड दोन महिने आधी काढा, दुसरं वेगळ्या बँकेचं राखीव ठेवा. दोन्हींवर ‘परदेशी वापर’ ॲपमधून चालू करा, कारण नवीन कार्डांवर तो मुळात बंदच असतो. दुकानात यंत्र विचारेल : रुपयांत की येनमध्ये? दर वेळी येन. रुपये निवडलेत तर दर ते यंत्र ठरवतं आणि चार-पाच टक्के सहज जातात. हीच गोष्ट परदेशी हॉटेल-संकेतस्थळांवर रुपयांत पैसे भरताना होते. रक्कम रुपयांत दिसते, पण व्यवहार परदेशी व्यापाऱ्याशी असतो, आणि बऱ्याच बँका त्यावर वेगळा आकार लावतात. शक्य तिथे ‘हॉटेलात पैसे भरू’ निवडा.

रोख मात्र लागतेच. देवळांची तिकिटं, छोटी दुकानं आणि प्रवासाच्या कार्डात पैसे भरण्याची बहुतेक यंत्रं अजून नोटा मागतात. घरून वीस-पंचवीस हजार येन न्या, तेही गावातल्या किंवा पुण्यातल्या दोन-तीन परकीय चलन विक्रेत्यांचे दर विचारून. विमानतळावरचा काउंटर शेवटचा पर्याय. बाकीचे ‘सेव्हन-इलेव्हन’ दुकानातल्या एटीएममधून काढा. यंत्राचा आकार एकदोनशे येनांचा असतो. तुमची बँक वर किती लावते ते आधी विचारा आणि चार वेळा थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा.

कुकर नेऊ नका. जपानचा वीजपुरवठा १०० व्होल्टचा आहे, आपला २३०. तापणाऱ्या उपकरणाची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे तुमचा कुकर तिथे जेमतेम पाचव्या हिश्श्याने तापेल. भात शिजणार नाही, नुसता भिजेल. आपली केटल आणि इस्त्री यांचंही तेच होईल. फोनचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर न्या. शिवाय साध्या हॉटेलांत खोलीत स्वयंपाकाला मनाई असते. पण गरम पाण्याची केटल जवळजवळ प्रत्येक खोलीत मिळते, म्हणून गरम पाण्यात होणारं सामान न्या : पोहे-उपम्याची झटपट पाकिटं, मेतकूट, सूप, आणि कोरडं म्हणून भडंग, सांगलीकरांना ते वेगळं सांगायला नको. शिजवलेला भात तिथल्या कुठल्याही दुकानात डब्यात मिळतो, दुकानदार किंवा तुम्ही स्वतः मायक्रोवेव्हमध्ये गरम करा. मेतकूट-भात तयार. ताजी फळं, कढीपत्ता, कच्चे तांदूळ, मांसाचे पदार्थ यातलं काही नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

बाहेर खाताना अडचण ही की भाज्यांच्या पदार्थातही माशाचा अर्क असतो. ‘दाशी’ म्हणतात त्याला. सूप, सॉस, उकडलेल्या भाज्या, सगळ्यात. याबाबत घरात किती काटेकोर राहायचं ते निघण्याआधीच ठरवा, टेबलावर बसून नको. स्वस्तात पोट भरायला ‘साइझेरिया’ ही इटालियन साखळी चांगली. साधा मार्गारिटा पिझ्झा ४०० येनांच्या आसपास मिळतो. भारतीय हॉटेलांत दुपारची थाळी हजार-बाराशे येनांत मिळते आणि नान अनेक ठिकाणी पुन्हा वाढतात, तेच रात्री दीडपट. म्हणून मोठं जेवण दुपारी घ्या. सुपरमार्केटमध्ये रात्री सात-आठनंतर त्या दिवशीच्या पदार्थांवर अर्ध्या किमतीचे स्टिकर लागतात. पाव, फळं, अंडी यांची खरेदी तेव्हा करा. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटल्या भरून घ्या. चौघांचं पाणी यंत्रातून विकत घेत बसलात तर दिवसाला हजार येन नुसते पाण्यावर जातात.

शहरात फिरायला सुइका किंवा इकोका अशी कार्डं लागतात. मुलासाठी लहान मुलांचं कार्ड मागा. ते यंत्रातून न घेता स्टेशनच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून घ्यावं लागतं. हा त्रास नको म्हणून पर्यटक मोठ्यांचंच कार्ड घेतात आणि मुलाचं दहा दिवस पूर्ण भाडं भरतात. टोकियोत ७२ तासांचं मेट्रोचं तिकीट मिळतं. ते पहिल्यांदा वापरल्याच्या मिनिटापासून ७२ तास चालतं, म्हणजे दुपारी सुरू केलंत तर चौथ्या दिवशी सकाळीही उपयोगी पडतं. जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या गोल यामानोते मार्गावर मात्र ते चालत नाही.

फुजीसाठी टूरबस न घेता शिंजुकुहून फुजीच्या पायथ्याच्या कावागुचिकोची एक्स्प्रेस बस धरा, एका बाजूचे सुमारे २,२०० येन. तारीख आधी ठरवा, पण हवामान आदल्या दिवशी बघा. ढगात फुजी दिसतच नाही. पैसे बुडणार नाहीत अशी, तारीख बदलता येणारी बस घ्या. डिस्नेचं तिकीट तारखेनुसार बदलतं, मोठ्यांना ७,९०० ते १०,९०० येन. १२ ते १७ वयाला त्याहून कमी, तुमच्या मुलाला आणखी कमी. मंगळवार-बुधवार निवडा आणि तिकीट त्यांच्याच संकेतस्थळावर काढा. ते झालं की ओसाकाचं ‘युनिव्हर्सल स्टुडिओज’ हे करमणूक उद्यान सोडा, दोन्ही नकोत. उंचावरून टोकियो बघायला स्कायट्री मनोऱ्याला पैसे देण्याऐवजी शिंजुकुतल्या महानगर सरकारच्या इमारतीच्या ४५व्या मजल्यावर जा, तिथे प्रवेश मोफत आहे. सेन्सो-जी, मेइजी मंदिर, फुशिमी इनारीच्या हजारो लाल कमानी यांनाही तिकीट नाही.

एकूण हिशेब असा बसतो : विमान २ लाख ६० हजार, नऊ रात्रींची हॉटेलं १ लाख ३० हजार, बुलेट ट्रेन, फुजीची बस आणि शहरातला प्रवास मिळून ६५ हजार, जेवणखाण ५० हजार, डिस्ने २० हजार, बाकीची तिकिटं १० हजार, व्हिसा-विमा-सिम २० हजार. झाले साडेपाच लाखांच्या आसपास. उरलेले ४५ हजार खरेदीत धरू नका, विमान महाग निघालं तर तिथेच जातील.

राहिला व्हिसा. शुल्क युरोपच्या मानाने कमी आहे, पण अर्ज केंद्रावर एसएमएस, कुरिअर, खास कक्ष अशा जादा सेवा विचारतात. त्या ऐच्छिक असतात, नको म्हणा. व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत जावं लागतं, त्यामुळे उगाच लवकर अर्ज करू नका. निघण्याआधी सहा ते आठ आठवडे ठीक. दिवसवार आखणी, हॉटेलांची बुकिंगं आणि उत्पन्नाचे कागद यांतल्या तारखा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. हॉटेल बदललंत तर आखणीचा कागदही बदला. विमा भारतीय कंपनीचा वेगळा घ्या, तिकीट काढताना आपोआप टिक होणारा नको. आणि पर्यटन व्हिसा आता पासपोर्टवर चिकटवत नाहीत, तो फोनवर ऑनलाइन उघडून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही. म्हणून ई-सिम भारतातूनच फोनमध्ये घालून ठेवा, उतरल्यावर विमानतळाच्या वायफायवर विसंबू नका. आणि चौघांचे व्हिसा दोघांच्याही फोनवर उघडतात ना, ते सांगलीतच तपासा.